एक सवारीवाले वझे

मालती उठून उभी राहत होती.

पाळण्यांच्या बागेतली गाडी वर अडकलेली. तीन मजल्यांची उंची, ऐन वळण, आणि एका अंगाला कललेली. लाइट गेली आणि गाडी होती तिथेच थांबली. आत वीस माणसं. एकोणीस जण मिळेल ते गच्च धरून बसले होते, आणि विसावी, आमची मालती, पदर कमरेला खोचून उठायला लागली होती. तिला घरी जायचं असणार. शेजारच्या जाड्या माणसानं तिचं मनगट धरलं, तशी तिनं त्याच्या हातावर फटका मारला. फटक्याचा आवाज खाली आला नाही, पण हात दिसला. परका पुरुष धरतो म्हणजे काय. त्या बिचाऱ्यानं सोडून दिलं.

त्या गाडीत मांडीवर एक लोखंडी दांडा येतो. दोघांत मिळून एकच. तो त्या माणसाच्या पोटावर टेकला आणि तिथेच अडला. मालती म्हणजे नुसती काडी. तिच्या आणि दांड्याच्या मध्ये आणखी एक बाई मावली असती. नवऱ्याशेजारी बसली असती तर दांडा दोघांच्याही मांडीला लागला असता, कारण नवराही तिच्याइतकाच वाळलेला.

नवरा माझ्या बाजूला खाली उभा होता. वझे. वर बघत होते. ओरडत नव्हते, धावत नव्हते, घामसुद्धा दिसला नाही. त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते मी लिहिते, खोटं लिहायचं तर कागद कशाला खराब करायचा. मला वाटलं, ह्या माणसानं तिला मुद्दाम बसवली.

मी चौथीपर्यंत शिकले. म्युनिसिपालटीच्या शाळेत तीस वर्षं घंटा दिली, पाणी भरलं, पोरांची नाकं पुसली. माणूस खोटं बोलतो की खरं, ते मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. वझे अठ्ठावीस वर्षं माझे शेजारी होते. फ्रीगंजात आमच्या दोघांच्या घरांत एक भिंत, तीही अशी पातळ की त्यांच्याकडे फोडणी पडली की मला शिंक यायची. तरी तो माणूस मला कळला नाही.

वझे रेल्वेत होते, रिझर्वेशनच्या खिडकीवर. मूळचे भुसावळचे, बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. उंच, हडकुळे, चालताना मान पुढे, जशी काही मान आधी पोचणार आणि पाय मागून. मूलबाळ नाही. आवाज कधी चढला नाही. व्यसन म्हणाल तर एकच, वेळ वाचवायचा.

आणि तो वाचवायची त्यांची रीत एकच होती. सुटं व्हायचं. कुठेही गेले की आधी बघायचे, एका माणसाची जागा कुठे आहे. लग्नाच्या पंगतीत सगळे दुसऱ्या पंगतीची वाट बघत दाराशी उभे असायचे, वझे आत डोकावून विचारायचे, "एक पान आहे का?" एक पान असायचंच. आम्ही हात धुऊन बसेपर्यंत त्यांची सुपारी चालू. दवाखान्यात, न्हाव्याकडे, गिरणीवर, तेच. त्यांच्या पुतण्याच्या लग्नातला फोटो माझ्याकडे आहे. त्यात डाव्या टोकाला वझे, उजव्या टोकाला मालती, मध्ये सतरा माणसं. फोटोवाला म्हणाला होता म्हणे, दोन्हीकडे एकेकाची जागा आहे.

"एकट्याला जागा असते, इंदूबाई," ते मला सांगायचे. "कुठेही जा. दोघं आहोत म्हटलं की थांबा म्हणतात."

"मग लग्न कशाला केलंत?" मी एकदा विचारलं.

"तेव्हा कळलं नव्हतं," ते म्हणाले. हसले नाहीत. मालती आत तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली आणि परत खाली घातली.

टावर चौकात संध्याकाळी रिक्षावाले ओरडतात, एक सवारी, एक सवारी, स्टेशन, स्टेशन. म्हणजे गाडी भरली, एकाची जागा उरली. वझे ते ऐकलं की थांबत नसत. मालतीच्या हातात पिशव्या तशाच, हे उडी मारून आत. "तू ये मागून," एवढं बोलून गेले. मालती मागच्या रिक्षात, कधी त्याच्याही मागच्या. रिक्षावाले त्यांना ओळखायला लागले. लांबून दिसले की हाक मारायचे, "आओ, एक सवारी!" त्यांचं नाव तेच पडलं. गल्लीतल्या बायका मालतीला विचारायच्या, "एक सवारी घरी आहेत का?" ती सांगायची आहेत किंवा नाहीत. तिला राग यायचा की नाही, ते ती दिसू द्यायची नाही.

एकदाच दिसला. भुसावळला तिच्या भाचीचं लग्न होतं, मलाही नेलं. तिकिटं वझ्यांनी काढली. एकत्र मागितली तर वेटिंग, एकेक मागितलं तर लगेच, हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलेलं. आमची तिघांची तीन डब्यांत सोय झाली. मी दोन नंबरच्या, वझे पाचच्या, मालती नऊच्या. जेवणाचा डबा मालतीकडे. दशम्या, बटाट्याची भाजी, लसणीची चटणी, सगळं नऊ नंबरात. गाडीला ही गर्दी, की ह्या डब्यातून त्या डब्यात जायचं तर लोकांच्या डोक्यावरून जावं लागेल. इटारसीला वझे उतरले आणि फलाटावरून नऊ नंबरकडे पळाले. मालतीनं खिडकीच्या गजांतून दोन दशम्या दिल्या, तेवढ्यात गाडी हलली. ते जनरल डब्यात चढले, दशम्या हातात धरून, एका पायावर. खंडव्याला माझ्या खिडकीशी आले. एक दशमी दिली. अर्धी कुणी तरी चुरगळलेली.

"वेळेत तिकिटं मिळाली ना?" मला म्हणाले.

भुसावळला मालती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. रात्री मेंदी काढताना मला म्हणाली, "इंदूताई, लोकांच्या बायका नवऱ्याबरोबर जातात. मी नुसती पोचते."

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मला एक गोष्ट खटकायची. वझे सगळ्यांच्या आधी सुटायचे, तरी घरी आधी पोचायचे नाहीत. मालती पिशव्या ओढत यायची, कुलूप काढायची, भाजी चिरायला घ्यायची, आणि मग वीस-पंचवीस मिनिटांनी हे यायचे. मग तो वाचलेला वेळ जातो कुठे? मला वाटलं, बाई आहे. सरळ हिशोब. बायकोला मागे टाकायचं, आपण पुढे सटकायचं, मधला वेळ कोणाला तरी द्यायचा. मी बायकांत कुजबुजले नाही, तसली मी नाही. मी मागे गेले.

मंगळवार होता. मालतीला साड्यांच्या दुकानापाशी सोडून वझे टावर चौकाकडे चालायला लागले. मी मागे, डोक्यावरून पदर. त्यांनी पोहे घेतले, वरून शेव जास्त मागितली, आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. चपला काढून पाय पसरले. पोहे खाल्ले, सावकाश, एकेक शेंगदाणा वेगळा. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि बसून राहिले. माणसं बघत. अर्धा तास झाला, कोणी आलं नाही. माझेच पाय दुखायला लागले, म्हणून समोर गेले.

"कोणाची वाट बघताय?"

"कोणाची नाही. बसा इंदूबाई."

"मग इथं काय करताय?"

"काही नाही. वेळ वाचला होता."

"ती तिकडे पिशव्या घेऊन रिक्षाला लटकत येत असेल, आणि तुम्ही इथं काही नाही करताय."

"तिचाही वाचला असता," ते म्हणाले. "तिला बरोबर यायचं असतं. बरोबर आलं की दोघांचाही जातो."

मी त्यांचं तोंड नीट बघितलं. खोटं दिसलं नाही. म्हणून माझा संशय गेला असं नाही. ज्या माणसाला बाईसाठी नाही, दारूसाठी नाही, नुसतं काही न करण्यासाठी बायकोला टाकून यावंसं वाटतं, त्याच्यापासून जास्त सावध राहावं, असं माझं मत पडलं.

मग मालती विसरायला लागली.

आधी आमटीत दोनदा मीठ. मग मला विचारलं, तुमचे मालक अजून कामावरून आले नाहीत का? माझे मालक जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, येतील. मग एक दिवस दूध आणायला गेली ती आलीच नाही. दोन तासांनी एक रिक्षावाला तिला घेऊन आला. त्यानं सांगितलं, माताजी देवास गेटपर्यंत आल्या, तिथून परत चौकात, परत देवास गेट, उतरायलाच तयार नाहीत. आपण एक सवारी म्हणून ओरडलो आणि ह्या येऊन बसल्या.

चाळीस वर्षांत नवऱ्यानं तिला ते शिकवलं होतं. बाकी सगळं जात चाललं, तेवढं राहिलं. एक सवारी ऐकलं की पाय आपोआप चालायला लागायचे.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी भांडायला गेले.

"तिला एकटीला पाठवू नका," मी म्हटलं.

"दूध तर आणायला हवं."

"तुम्ही जा बरोबर."

"किती दिवस?"

"म्हणजे काय, किती दिवस?"

"मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, इंदूबाई. मी किती दिवस बरोबर जाणार?" आणि दाढीचं पाणी टाकायला उठून गेले. दुसऱ्या दिवशी मालती परत दुधाला एकटी.

पुढल्या आठवड्यात तिची साडी वाळत होती, वाऱ्यानं माझ्या ओट्यावर आली. घडी करताना पदराच्या आतून लाल दोऱ्याचे आकडे दिसले. वाकडेतिकडे, पुरुषाच्या हातचे. फोनचा नंबर. मी नातवाच्या वयाच्या पोरासारखा एकेक आकडा वाचला. नंबर माझा होता.

मी तशीच गेले. "हा माझा नंबर कशाला?"

"तुम्ही घरी असता."

"आणि तुम्ही?"

"मी नसतो कधीकधी."

विचारलं नाही, सांगितलं नाही, बायको हरवली तर लोकांनी ती माझ्याकडे आणून द्यायची, अशी सोय ह्या माणसानं करून ठेवली. सगळ्या साड्यांवर. मी मोजल्या नाहीत, पण दोरीवर येणारी प्रत्येक साडी बघत गेले. प्रत्येकीवर होता.

आणि मग त्या भिंतीतून मी ऐकलं. उन्हाळा लागला होता, दुपारची वेळ, मालती झोपलेली. वझे फोनवर हिंदीत बोलत होते. "हाँ, एक ही जगह चाहिए. महिला. हाँ जी, एक. कब तक ख़ाली होगी?" इंदूर रोडवर म्हाताऱ्यांचा एक आश्रम आहे, त्याचं नाव त्यांनी घेतलं. मी भिंतीला कान लावून उभी होते. लाज वाटली नाही. मला सगळं लख्ख दिसायला लागलं. चाळीस वर्षं रिक्षात, गाडीत, रांगेत जे चाललं होतं, त्याचं आता हे शेवटचं. एक जागा. एक बाई. आणि हे पायरीवर पाय पसरून पोहे खायला मोकळे.

मी मालतीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत विसरली असती, आणि मला परत सांगावं लागलं असतं. मी फक्त नजर ठेवायची ठरवलं.

सुट्ट्यांत आमच्या महिला मंडळाची सहल निघाली. इंदूर रोडवर झोपाळे-पाळण्यांची मोठी बाग झाली आहे, पाण्याच्या घसरगुंड्या, आगगाड्या, काय काय. पुरुषांना घ्यायचं नाही असं ठरलं होतं, पण मालतीला एकटीला कोण सांभाळणार, म्हणून वझ्यांना घेतलं. बसमध्ये ते पुढे, मालती मागे माझ्याजवळ. पुढे एक जागा होती.

मालती त्या दिवशी खूश होती. लहानपणी जत्रेत पाळण्यात बसल्याचं सांगत होती, पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्यानं. त्या आगगाडीपाशी आलो तर हटून बसली, मला बसायचं. लहानातली गाडी ती, वर चढते, वळते, खाली येते. मुलं बसत होती, आज्याही बसत होत्या. पाटीवर म्हाताऱ्यांना मनाई लिहिलेली नव्हती, मी वाचली. रांग मात्र तीन वळसे. दीड तास, असं पुढचे लोक म्हणाले. आणि बाजूला एक छोटी रांग, जवळजवळ रिकामी. तिच्यावर पाटी, जे एकटे बसायला तयार आहेत त्यांच्यासाठी. गाडीत जोड्या बसल्या की कुठे तरी एकेक जागा उरते, ती भरायला.

वझ्यांनी ती पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा, मी काय सांगू, देवळाचं दार उघडल्यावर होतो तसा झाला. आयुष्यभर जे ते सांगत आले, ते कोणी तरी पाटीवर लिहून टांगलं होतं.

"चला," ते म्हणाले.

"दोघं एकत्र बसा," मी म्हटलं. "मोठ्या रांगेत उभे राहा. तिला एकटीला बसवू नका."

"दीड तास? बस पाचला सुटते."

"मग बसू नका."

"तिला बसायचंय."

ते खरं होतं. मालती त्यांच्या मागे त्या छोट्या रांगेत जाऊन उभीसुद्धा राहिली होती. मी कठड्याच्या बाहेरून त्यांच्या बरोबरीनं चालत राहिले. मला राहवलं नाही.

"वझे, तुम्ही तिला आश्रमात टाकताय."

त्यांनी मागे बघितलं. मालती वरच्या गाडीकडे बघत होती. "तुम्ही ऐकलंत वाटतं."

"भिंत आहे का ती. ऐकलं. एक जागा, महिला."

"मग दुसरा फोन नाही ऐकलात. तो मी बाहेरून केला. एक जागा, पुरुष."

मला कळायला वेळ लागला. ते खिडकीवर बसून समजावल्यासारखे बोलले. "दोघांची खोली आहे तिथे, पण ती सुटत नाही. नवरा-बायकोपैकी एक जातो, दुसरा राहतो. वर्षानुवर्षं. एकेकट्याची सुटते. म्हणून दोन नावं दिली, वेगवेगळी. नवरा-बायको म्हणून सांगितलंच नाही."

"आणि आधी कोण जाणार?"

"ज्याचा नंबर आधी येईल."

"तिचा आला तर?"

"ती जाईल. मी येईन मागून."

"आणि तुमचा आला तर?"

तेवढ्यात गाडी येऊन थांबली, लोक उतरले, जोड्या चढल्या, आणि तिथला मिशीवाला माणूस ह्या रांगेकडे तोंड करून ओरडला, "एक सवारी! एक की जगह है, एक सवारी!"

रांगेत पहिले वझे होते. पण मालती त्यांच्या काखेखालून पुढे झाली. तरातरा गेली, चौकातल्या रिक्षात बसावं तशी जाऊन त्या जाड्या माणसाशेजारी बसली. वझ्यांचा हात पुढे झालेला मी बघितला. तिच्या पाठीवर होता, बोटं पसरलेली. ढकलायला होता की धरायला होता, ते मला सांगता येणार नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, डोळे चांगले आहेत माझे, तरी नाही सांगता येणार. मग दांडा खाली आला, त्या माणसाच्या पोटावर अडला, आणि गाडी निघाली.

पुढचं मी वर लिहिलं आहे. लाइट गेली.

मालती एकदा उठली, अर्धी, आणि गाडी कललेली असल्यामुळे परत आपटून बसली. खाली सगळ्या बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या. माइक बंद, वर आवाज पोचत नव्हता. रुळाच्या कडेनं एक लोखंडी जाळीची वाट होती, एका माणसाच्या रुंदीची, तिच्यावरून चष्मेवाला मिस्त्री निघाला होता. त्याला एकेका डब्याचा दांडा हातानं सोडवायचा होता, पुढून सुरुवात करून. मालती शेवटून दुसऱ्या डब्यात. पुढून जाणार म्हणजे तिच्यापर्यंत पोचायला निदान अर्धा तास.

वझे मिशीवाल्याकडे गेले. मी मागे.

"मागच्या जिन्यानं मी जातो," ते हिंदीत म्हणाले. "ती परक्याचं ऐकणार नाही."

"बाऊजी, आपकी उमर देखो. नहीं जा सकते."

"एक ही आदमी है भाई. एक को जाने दो."

तो माणूस नाही म्हणत होता, तेवढ्यात वर मालती दुसऱ्यांदा उठली. ह्या वेळी तिचा एक पाय दांड्याच्या बाहेर आला. खाली एक बाई किंचाळली. मिशीवाल्यानं वर बघितलं आणि जिन्याची साखळी काढली.

वझे चढायला लागले. मान पुढे, पाय मागून. मी पायऱ्या मोजल्या नाहीत. मध्ये दोनदा थांबले. वर पोचून जाळीवर बसले, गुडघे दुमडून, आणि डब्याच्या कडेवरून हात घालून तिचं मनगट धरलं. मालतीनं पाय आत घेतला. बसली.

नंतर ते पाऊण तास तसेच होते. खालून नुसत्या त्यांच्या माना दिसत होत्या, तिची हलत होती, त्यांची स्थिर. मला वाटलं, समजूत घालत असतील. पण तो जाडा माणूस मला नंतर भेटला. भैरवगढचा, चादरी छापणाऱ्यांतला. मराठी थोडी समजायची त्याला, गिऱ्हाइकांमुळे.

"समजूत कसली अम्मा," तो म्हणाला. "पूरे टाइम बाऊजी डाँट खाते रहे."

मालतीनं त्यांना सगळं ऐकवलं होतं म्हणे. गॅस चालू ठेवलात. हो, राहिला. दार उघडं टाकलंत. हो. भुसावळच्या गाडीत मला एकटीला बसवलंत, सगळे बापे, मला रात्रभर डोळा लागला नाही. हो. टावर चौकात मला सोडून गेलात. किती वेळा? बरेच वेळा, असं ते म्हणाले. ज्या बाईला सकाळचा चहा आठवत नव्हता, तिला एकेक रिक्षा आठवत होती. आणि तो माणूस हो म्हणत होता. माफी मागितली का, असं मी विचारलं. चादरवाल्यानं आठवून बघितलं. "नहीं," तो म्हणाला. "बस हाँ-हाँ बोले. हाथ नहीं छोड़ा."

म्हणून मी अजून ठरवू शकले नाही. बायकोसाठी गेले, की सगळ्या मंडळासमोर आपण पाठवलेली बाई पडली तर काय, म्हणून गेले. दोन्ही असेल. माणसात दोन्ही असतं.

मिस्त्री तिच्या डब्यापर्यंत आला. मालतीला बाहेर काढली. वाट एकाच माणसाची, म्हणून वझ्यांना मागे सरावं लागलं, रुळाच्या वरच्या अंगाला. मिस्त्री मालतीला पुढे घालून खाली आला, मागून तो चादरवाला, मग शेवटच्या डब्यातले दोघं. वझे जाळीला टेकून बसले होते. मी मालतीचा हात धरला तेव्हा त्यांनी वरून हात केला, बसकडे, म्हणजे हिला घेऊन जा, बस सुटेल. पाच वाजायला आले होते. मी गेले नाही, तिथेच उभी राहिले. मालती मला म्हणाली, "इंदूताई, गॅस राहिलाय, त्यांनी कबूल केलं."

मिशीवाल्यानं दोनदा हाक मारली. मिस्त्री म्हणाला, बाऊजी दम खात आहेत, बसू द्या थोडं. थोडं बसू दिलं. मग मिस्त्री परत वर गेला, आणि गेला तसा पळत खाली आला, एकटा.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, वरच, बसल्या बसल्या.

गाडीत वीस माणसं होती. वीसही जगली. मालती त्यांतली एक. वझे गाडीत नव्हते.